बैलांना वाट ठाऊक होती

गाडीवानाने गाडीत झोपणं हा आमच्याकडे गुन्हा नव्हता. पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कपाशी टाकून परतताना आमच्या गावच्या गाड्यांची रांग लागायची, आणि त्या रांगेत जागे असायचे ते फक्त बैल. कासरा खुंटाला गुंडाळायचा, घोंगडी डोक्यावरून ओढायची, आणि डोळे उघडायचे ते आपल्या गोठ्यापुढे. या विद्येत मी इतका पारंगत होतो की आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत सांगत, "हाऊ गाडी हाकत नही, गाडीच ह्याले घर लई येस." लोक हसायचे, मीही हसायचो. माझ्याबद्दल गावात दुसरं कौतुक नव्हतं, तेव्हा आहे ते कशाला सोडा.

आमची जोडी मोगलाईतली. आमच्या शिवारापलीकडे ओढा, ओढ्याच्या पुढे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि नाक्यापलीकडे निराळं राज्य, तीच मोगलाई, अशी तेव्हाची रचना होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मुसलमान शेतकऱ्याने ही जोडी आपल्या दारात वाढवली आणि आबांना विकली. त्या व्यवहारातून दोघांचा भाऊपणा जुळला. पहिल्या पावसाळ्यात बैल दोनदा दावं तोडून त्याच्या गव्हाणीशी जाऊन उभे राहिले. दोन्ही वेळा म्हातारा स्वतः त्यांना घेऊन आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुतन्या, यास्ले तुन्हं घर आवडत नही." मी त्याला चाचा म्हणायचो. दर पोळ्याला तो गुळाचा खडा घेऊन यायचा, आधी बैलांच्या तोंडात घालायचा, मग आईच्या हातची पुरणपोळी खायचा आणि दिवस कलायच्या आत ओढा ओलांडून जायचा. सोबत त्याचा मुलगा असायचा. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. मी बोलत असताना तो माझ्या तोंडाकडे अशा नजरेने बघायचा, जसा गिऱ्हाईक बाजारात बैलाच्या दातांकडे बघतं.

देश स्वतंत्र झाला, पण ओढ्यापलीकडचा भाग झाला नाही. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तिकडून माणसं यायला लागली. तिथली हत्यारबंद टोळकी गावं जाळत होती. आमच्या शाळेत उतरलेल्या एका बाईच्या दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या होत्या. तिची कर्णफुलं काढून घ्यायला कोणाला सवड नव्हती. एक माणूस आला तो फक्त जात्याची खुंटी हातात घेऊन. घर पेटल्यावर हाताला लागलं ते उचललं, म्हणाला. ती खुंटी तो खाली ठेवेना. आमची मुलं त्याला "काका, दळन शे का?" असं विचारायची. मुलंच ती.

मग सरहद्दीवर तरुणांचा कॅम्प निघाला आणि मी त्यात गेलो. देशभक्तीने गेलो असं लिहायला मला आवडेल, पण तिथे खाकी अर्धी चड्डी आणि दंडावर बांधायला तिरंगी फीत मिळत होती. आबांनी माझ्या आयुष्यात मला पट्ट्याची चड्डी घेऊन दिली नव्हती.

माझा पहिला आणि शेवटचा पराक्रम नाक्यावरच्या हल्ल्यात झाला. पहाटे ज्वारीत दबून बसायचं, झुंजुमुंजू झालं की म्होरक्याने हात वर करायचा, त्यावर मी शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी तुटून पडायचं, असा बेत. शिट्टी मला एवढ्यासाठी दिली की बंदूक द्यायला कोणाची छाती होईना. मी ती तोंडात धरून बसलो. काळ्या मातीचा चिखल, पाय सरकला, मी पालथा पडलो आणि पोटातली सगळी हवा शिट्टीतून निघाली. निम्मे लोक उठून धावले, निम्मे बसून राहिले, आणि नाक्यावरचे जागे झाले. आमच्यातल्या एका कुंभाराच्या जबड्यात गोळी गेली. तो आणखी काही दिवस जगला. बोलता येत नव्हतं, त्यामुळे मला शिव्या देणं त्याला जमलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं, एवढंच.

नाका मात्र पडला. दुपारी आम्ही जळक्या लाकडांपुढे उभं राहून घोषणा दिल्या. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्यानंतर मला बंदुकीजवळ नाही आणि शिट्टीजवळही नाही, बैलगाडीवर नेमलं. आबांची जोडी जुंपून रोज पीठ, सरपण, रॉकेल फाट्यावरून वळवायचं आणि पडलेल्या नाक्यावर पोचवायचं. मारुतीच्या पारापाशी रस्ता फुटतो: सरळ गेलं की पाचोरा, डावीकडे वळलं की ओढा आणि मोगलाई. जाताना मी झोपायचो, येताना झोपायचो. बैल फाट्यावर आपोआप डावीकडे वळायला शिकले. कॅम्पात माझी तारीफ झाली, की याची गाडी कधी चुकत नाही.

मग लष्कर शिरलं. आमच्या बाजूने गेलेले ट्रक काळ्या मातीत असे रुतले की आमच्या गावचे बैल जुंपून काढावे लागले. माझ्या जोडीनेही एक ट्रक ओढला. त्यातला उंच जवान खाली उतरला, मला बिस्किटं दिली आणि विचारलं, "अरे भाई, लड़ाई किधर है?" मी डोंगराच्या दिशेने बोट केलं. मला तरी कुठे माहीत होतं! थोड्याच दिवसांत तोच ट्रक परत आला. तोच जवान उतरला, पण या वेळी बिस्किटं नव्हती. आमच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्याने आधी विचारलं, "कुएँ का है?" आई म्हणाली, हो, विहिरीचं. त्याने तांब्या परत केला. "उधर के कुओं का मत पीना, माँजी," म्हणाला आणि जाऊन ट्रकच्या चाकाला टेकून बसला.

लष्कराची लढाई संपली होती. लष्कर पुढे निघून गेल्यावर जी सुरू झाली तिला कोणी लढाई म्हटलं नाही. टोळकी पळाली किंवा धरली गेली. मागे राहिले ते चाचासारखे, ज्यांच्याकडे हत्यार म्हणून विळा. आणि ज्यांची घरं आधी जळली होती ते, आणि ज्यांची कधीच जळली नव्हती तेही, कुऱ्हाडी घेऊन निघाले. रोज संध्याकाळी ओढ्यापलीकडून गाड्या यायच्या. त्यात दाराच्या चौकटी, पत्रे, शेळ्या. एकाने शिवणयंत्र आणलं, वरचा भाग नुसता. खालचा पायटा दुसऱ्याने नेला होता. ते दोघं पुढे कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या दिवसांतल्या एका सकाळी चाचा आमच्या परसदारी आला. पाठीवर मुलगा होता. मुलाच्या उजव्या खांद्यात कुऱ्हाड बसली होती. वरून पटका आवळला होता आणि तो सगळा काळा झाला होता. आईने दार लावून घेतलं. आबांनी फार विचार केला नाही.

"पाचोरे लई जा," ते मला म्हणाले. "तठे डॉक्टर शे, तठे पोलीस शेतस. वर हिरवा चारा टाक. कोनी इचारं ते चारा इकाले चालनू म्हन."

चाचा म्हणाला, "भाऊ, तुम्ही चाला ना संगे."

"मी उनू ते लोकेस्ले शंका येई. मी कधी चारा इकाले गऊ का? हाऊ जास."

मी आदल्या रात्री कॅम्पात विजयाची लेझीम खेळून आलो होतो. डोळे तांबारलेले होते. आबा माझ्या दंडाकडे बघून म्हणाले, "ती फीत काढ."

"आबा, फीत राहिली ते कोनी अडावणार नही."

त्यांनी क्षणभर विचार केला. "राहू दे मंग."

म्हातारा त्या फितीकडे बघत होता. मला वाटलं, आधाराने बघतोय.

दोघांना गाडीत आडवं केलं, वर बाजरीच्या हिरव्या चाऱ्याचे भारे टाकले आणि आम्ही निघालो. वेशीबाहेरच कॅम्पातली दोन पोरं काठ्या घेऊन उभी होती. ओळखीचीच.

"काय रे झोपाळ्या, गाडीमा काय शे?"

मी सांगायचं होतं, चारा. पण आयुष्यात मला कधी एका शब्दात उत्तर देता आलेलं नाही. मी म्हणालो, "दोन मुडदा शेतस. पायजे व्हतीन ते एक ठेवी ल्या."

दोघं खो खो हसले. एकाने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि आम्हाला वाट दिली. मी स्वतःवर निहायत खूश झालो. खरं बोललं तर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला तेव्हाच समजलं होतं. बाकीच्यांना समजायला वय जातं, वगैरे वगैरे. रिमझिम सुरू झाली. घोंगडी ओढली. चाकाचा आवाज एका लयीत येत होता, आणि खाली चाऱ्यातून कण्हण्याचा आवाजही. पण तोही हळूहळू त्याच लयीत यायला लागला.

जाग आली ती गाडी थांबल्यामुळे.

पुढे गव्हाण होती. दगडी, कोपऱ्यावरचा एक दगड गुळगुळीत झालेला. माझं डोकं इतकं बधिर होतं की मला पहिल्यांदा वाटलं, आपलं घर आलं, आता आई भाकर देईल. मग दिसलं की गव्हाणीमागच्या घराला दारं नाहीत, छपरावर एक माणूस बसून पत्र्याचे खिळे उपटतोय, आणि अंगणात पाचसात माणसं एक तुळई ओढतायत. फाट्यावर बैल रोजच्या सवयीने डावीकडे वळले होते. नाक्यावर आता थांबवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून पुढे चालत राहिले. आणि त्या वाटेवर पुढे त्यांचं एकच घर होतं.

छपरावरचा ओरडला, "अरे, दखा, दखा! म्हतारानी जोडी उनी!"

तुळई टाकून सगळे धावले. कोणी बैलांच्या वशिंडावरून हात फिरवला, कोणी शिंगं चाचपली. एका बाईने तांब्या आणला आणि बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला हळद लावली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "लक्ष्मी घर उनी व माय," म्हणाली. ज्याचं ते घर, त्याच्यावर कुऱ्हाड उगारणारे हेच लोक होते, आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर मला वाईट काही दिसलं नाही. पोळ्याच्या दिवशी असतात तसे चेहरे.

"तू कोन रे?" एकाने विचारलं.

मी फीत दाखवली. "जय हिंद," म्हणालो.

"जय हिंद! गाडीमा काय?"

या वेळी विनोद सुचला नाही. "चारा."

"मंग टाक ना बैलेस्ले. कितला दूर चाली उनात बिचारा."

त्याने स्वतःच एक भारा ओढला आणि गव्हाणीत टाकला. बैल खायला लागले. दुसऱ्याने दुसरा भारा ओढला. प्रेमाने चाललं होतं सगळं. मी म्हणालो, बस झालं, त्यांना पोटदुखी होईल. लोक हसले, म्हणाले, बैलांना कधी चाऱ्याने पोटदुखी होते का, कुठला गाडीवान तू? तिसऱ्या भाऱ्याला हात लागला आणि चारा आपोआप हलला.

चाचा उठून बसला. केसांत बाजरीची पातं अडकलेली. तो घाईने खाली उतरला, चारा मागे नीट सारला, आणि गाडीपासून चालत चालत अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना त्याच्याकडे वळावं लागलं.

मग तोच बोलला. "मी एकलाच शे. ह्या पोऱ्याने माले धरीसन आना."

आणि माझ्याकडे बोट केलं.

लगेच माझा जयजयकार. पाठीवर थापा पडल्या. ज्या बाईने बैलांना हळद लावली होती तिने बोटाला उरलेली हळद माझ्या कपाळाला लावली. "शाब्बास रे पठ्ठ्या! आनि म्हने चारा! कसा कलाकार शे दखा!" माझ्या आयुष्यात इतका सत्कार पुन्हा कधी झाला नाही. मी काय केलं? मी हसलो. हसू आवरता येत नाही, हा माझा जन्माचा रोग.

म्हातारा म्हणाला, "त्याले जाऊ द्या. लांब जानं शे त्याले."

मी कासरा उचलला. बैल हलेनात. चाबूक मारला. डावा खाली बसला, मग उजवाही बसला, जू तिरकं झालं. घरी आल्यावर बसतात तसे ते रवंथ करू लागले. मी शेपट्या पिरगाळल्या, पराणी टोचली, रक्त काढलं. लोक हसून हसून लोळायला आले. गाडीत चाऱ्याखाली मुलगा होता आणि मागच्या फळीवरून एक काळी धार खाली गळत होती. मला ती दिसत होती. ती दुसऱ्या कोणाला दिसायच्या आत गाडी हलायला हवी होती.

छपरावरचा वरूनच म्हणाला, "ओ म्हतारा, तूच उठाड ना त्यास्ले. तुन्हाच बैल शेतस ना? तेवढं काम करी जा."

चाचा गव्हाणीशी आला. त्याने बैलांना हात लावला नाही. जिभेने एक आवाज काढला, टाळूला लावून, हलकाच, दोनदा. दोन्ही बैल उठले. तो वेशीच्या दिशेने हात करून म्हणाला, "जा." आणि ते बैल, ज्यांना मी टोचून रक्तबंबाळ केलं होतं, गाडी वळवून आपल्या पायांनी निघाले.

मी मागे बघितलं नाही. पण कान झाकून घेता आले नाहीत, कारण दोन्ही हातांत कासरा होता. ओल्या लाकडावर घाव घालतात तसा आवाज आला, आणि पुन्हा आला. म्हातारा ओरडला नाही. याचं तिथल्या लोकांना पुढे फार कौतुक वाटे. आठवडेबाजारात सांगत, मानी माणूस होता.

पाचोऱ्याला पोचलो. वाटेत मी झोपलो नाही, हे सांगण्यात आता काय अर्थ? डॉक्टरने मुलाचा हात खांद्यापासून काढला. तो जगला. आबांना मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. ते ऐकून उठले, गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांच्या जखमांना हळद-तेल लावत बसले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपला मुलगा झोपला असणार याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

उन्हाळ्यात चाचाचा मुलगा आला. भुसावळला मावशीकडे राहत होता. जमिनीचं काही बघायला तिकडे जाऊन परतताना आमच्या दारात थांबला. सदऱ्याची उजवी बाही खिशात खोचलेली. आबा म्हणाले, बैस, आणि चहा सांगायला आत गेले. ते आत गेलेले बघून मी एका दमात बोलून टाकलं. लेझीम, जागरण, फाटा, बैलांची सवय, सगळं. झोप लागली होती, हेच परत परत म्हणालो. "मी जपी गयथू, भाऊ. मी येडा शे, साऱ्या गावले इचार. मी जपी गयथू."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, नेहमीसारखाच.

"गाडीमा मरनारा मानूस शे," तो म्हणाला, "आनि गाडीवान जपस?"

"आमच्याकडं सगळाच जपतस."

"अब्बा काय बोलनात, आयकं ना तू? पोऱ्याने माले धरीसन आना."

"ते माले वाचाडाले बोलनात! तुले वाचाडाले!"

"व्हई," तो म्हणाला. "आसं बी व्हई."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मला घाई झाली. आबा यायच्या आत मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की मी मूर्ख आहे. सगळं गाव फुकट म्हणत होतं, त्याने म्हणायला काय जात होतं?

"चाकले ओढाना गोटा लागनात तवय आम्हले समजनं," तो म्हणाला. "पाचोरानी वाटले ओढा नही. मी जागा व्हतू. अब्बा बी जागा व्हतात. अब्बांनी मन्हा तोंडवर हात ठेवा."

"मंग हाक का नही मारी?" मी ओरडलोच. "एक हाक मारतात! मी उठतू, गाडी फिरावतू, बस!"

आबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्याने डाव्या हाताने कप घेतला, कोणाच्या हाताला धक्का लागणार नाही इतक्या बेताने.

"कोनले मारतूत हाक?" तो म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.